वेगळी वीज न मागणारे ग्राफिक कार्ड : जुन्या ऑप्टिप्लेक्समधील आरटीएक्स ३०५० (६ जीबी)

मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावी कमी पैशांत जो डेस्कटॉप मिळतो, तो बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी कार्यालयांतून काढून टाकलेल्या लॉटमधला असतो. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क किंवा लेनोव्होचा थिंकसेंटर, त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि दुकानदाराने नव्याने बसवलेली एसएसडी, असा हा ठरलेला संच आहे. ऑनलाइन अर्ज, टॅली, मराठी टायपिंग एवढ्या कामांना तो आजही पुरतो. मोबाइलवर चित्रित केलेला व्हिडिओ संपादित करायला घेतला किंवा घरातल्या पोराने एखादा गेम टाकला, की मात्र त्याचे वय दिसू लागते, आणि मग ग्राफिक कार्डाचा विषय निघतो.

माझ्याकडे परभणीत असाच एक ऑप्टिप्लेक्स ३०२० आहे. मिनी टॉवर आकाराचे कॅबिनेट, आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असे त्याचे स्वरूप. परिसरातल्या अखंड हरिनाम सप्ताहांतील कीर्तने ध्वनिचित्रित करून यूट्यूबवर चढवणे हे त्यावरचे मुख्य काम, आणि सुटीत भाचा आला की त्याचे गेम हे दुसरे. या संगणकात मी एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० हे कार्ड बसवले. त्याची ६ जीबीची आवृत्ती मी घेतली. ती आवृत्ती का, हेच या परीक्षणात सर्वांत महत्त्वाचे आहे.

जुन्या संगणकासाठी कार्ड निवडताना सर्वांत वेगवान कोणते, हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असा, की आपला संगणक कोणते कार्ड पेलू शकतो. ऑप्टिप्लेक्स ३०२० च्या मिनी टॉवरमध्ये डेलने २९० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, दिला आहे. त्यातून ग्राफिक कार्डासाठी वेगळी सहा किंवा आठ पिनांची वायर निघत नाही. त्याच्या जागी बाजारातला मोठा एसएमपीएस बसवावा म्हटले, तर डेलने मदरबोर्डला नेहमीच्या चोवीस पिनांऐवजी स्वतःची वेगळी आठ पिनांची जोडणी दिलेली असल्याने मध्ये एक जोडवायर शोधत बसावे लागते. कार्ड मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसवले की त्याला स्लॉटमधूनच जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळू शकते. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीची कमाल मागणी ७० वॅट आहे. याउलट, जानेवारी २०२२ मध्ये आलेली ८ जीबीची मूळ आवृत्ती १३० वॅट मागते आणि तिला वेगळी वायर लागतेच.

इथे एनव्हिडियाच्या नामकरणाबद्दल तक्रार नोंदवणे भाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आलेल्या ६ जीबी आवृत्तीला कंपनीने तेच नाव दिले. त्यामुळे फरक केवळ मेमरीचा असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात तिच्यात २,३०४ कुडा कोअर (कार्डातले छोटे गणनघटक) आहेत आणि ८ जीबीच्या आवृत्तीत २,५६० आहेत. मेमरीचा मार्ग १२८ बिटांवरून ९६ बिटांवर आणला आहे, आणि त्यामुळे दर सेकंदाला होणारी मेमरीची वाहतूक २२४ गिगाबाइटवरून १६८ वर उतरते. ही दोन वेगळी कार्डे आहेत आणि त्यांना दोन वेगळी नावे हवी होती. ऑनलाइन मागवताना ८ जीबीच्या आवृत्तीची गेममधली आकडेवारी पाहून ६ जीबीचे कार्ड घेणाऱ्याची निराशा होणार, हे उघड आहे. माझ्यासारख्याच्या दृष्टीने मात्र ही कापलेली आवृत्तीच उपयोगाची ठरते, कारण तिला संगणकाकडून स्लॉटखेरीज काही नको असते.

स्थानिक असेंबल्ड संगणक असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते, पण त्याच्या बाजूच्या लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात जेवढे अँपिअर लिहिलेले असतात, त्यांना १२ ने गुणले की त्याची खरी ताकद कळते. तिथे १६ अँपिअर असतील तर प्रोसेसर आणि कार्ड यांच्यासाठी मिळून १९२ वॅटच उपलब्ध आहेत. आय-फाइव्ह ४५९० ची मर्यादा ८४ वॅट आणि कार्डाची ७० वॅट धरली, तर हा हिशेब कसाबसा बसतो. ८ जीबीच्या कार्डासाठी तो बसतच नाही.

वेगळी वीज न मागणारी इतरही कार्डे आहेत, आणि त्यांतले एकेक कार्ड दुकानदार वेगवेगळ्या हिरिरीने सुचवतात. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ सालचे कार्ड सेकंडहँड बाजारात अजून फिरते. पण त्याच्या पिढीसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि आता केवळ सुरक्षेपुरती अद्ययावतने येणार आहेत. २०१९ चे जीटीएक्स १६५० चांगले कार्ड आहे, ४ जीबीचे आहे, आणि सेकंडहँड निम्म्या किमतीच्या आसपास मिळत असेल तर विचार करण्याजोगे आहे. परंतु त्यात डीएलएसएसची, म्हणजे कमी पिक्सेलचे चित्र मोठे करून गेमचा वेग वाढवण्याची, सोय नाही आणि नवे घ्यायचे तर किमतीतला फरक फार उरत नाही.

एएमडीच्या आरएक्स ६४०० बद्दल मात्र स्पष्ट सावध करायला हवे. ५३ वॅटचे, छोटे आणि देखणे असे हे कार्ड कागदावर जुन्या संगणकासाठीच घडवल्यासारखे दिसते. त्याची मेख अशी, की ते पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातील माहितीमार्गाच्या, चारच लेन वापरते. एच८१ चिपसेटच्या मदरबोर्डवर, म्हणजे ऑप्टिप्लेक्स ३०२० मध्येही, ग्राफिक कार्डाचा स्लॉट दुसऱ्या पिढीचा असतो. दुसऱ्या पिढीच्या चार लेनमधून सेकंदाला साधारण २ गिगाबाइट माहिती जाते, तर आरटीएक्स ३०५० च्या आठ लेनमधून ४ गिगाबाइट. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला माल याच चिंचोळ्या वाटेने मुख्य रॅममधून आणावा लागतो आणि चित्र अडखळू लागते. शिवाय आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे कीर्तनाचा व्हिडिओ तयार करून बाहेर काढायच्या कामात ते काहीही मदत करत नाही. इंटेलचे आर्क ए३८० त्या बाबतीत उलट टोकाला आहे. त्याचा एन्कोडर उत्तम आहे आणि तो एव्ही१ या नव्या, जागा वाचवणाऱ्या स्वरूपातही व्हिडिओ बनवतो. पण त्याला रीसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी, मदरबोर्डची सुविधा सुरू असावी लागते. इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगते, आणि ही सुविधा नसलेल्या चौथ्या पिढीच्या संगणकात ते कार्ड आपली बरीचशी ताकद गमावून बसते.

बसवण्याचे काम अवघड नाही. कॅबिनेट उघडून आतील जागा टेपने मोजावी, कारण हार्ड डिस्कचा पिंजरा लांब, दोन पंख्यांच्या कार्डांच्या आड येऊ शकतो. एका पंख्याचे आखूड कार्ड मिनी टॉवरमध्ये सुखाने बसते. ज्यांच्याकडे ऑप्टिप्लेक्सचे चपटे कॅबिनेट आहे, त्यांना अर्ध्या उंचीचे कार्ड लागते. एमएसआय आणि गिगाबाइट दोघेही या कार्डाची तशी आवृत्ती बनवतात, फक्त तिच्यासाठी पैसे थोडे अधिक मोजावे लागतात. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावायची असते, ही साधी बाब दुकानदारही घाईत सांगायची विसरतात आणि गिऱ्हाईक कार्ड बंद निघाले म्हणून परत घेऊन येते.

मॉनिटरचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. लॉटमधल्या संगणकाबरोबर जो मॉनिटर येतो, तो बऱ्याचदा केवळ व्हीजीए वायरीवर चालतो, आणि नव्या कार्डांवर व्हीजीए नसते. एनव्हिडियाने २०१६ च्या दहाव्या मालिकेपासूनच जुना अॅनालॉग सिग्नल देणे बंद केले. त्यामुळे डीव्हीआयच्या खोबणीत बसणारा साधा जोडही चालत नाही. एचडीएमआयचे व्हीजीएत रूपांतर करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टरच घ्यावा लागतो. तो काही शे रुपयांत मिळतो आणि काम भागवतो. पण सतरा हजारांच्या कार्डामागे धूसर दिसणारा व्हीजीए मॉनिटर जोडणे मला पटत नाही. अंदाजपत्रकात जुन्या एचडीएमआय मॉनिटरची सोय आधी धरावी.

आता कामाविषयी. कीर्तनाचे चित्रीकरण आम्ही दोन मोबाइल आणि एक कॅमेरा यांवर करतो, आणि हल्लीचे मोबाइल जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी स्वरूपात चित्रीकरण करतात. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये हे स्वरूप उलगडण्यासाठी पूर्ण हार्डवेअर नाही, त्यामुळे सगळा भार चार कोअरवर पडतो आणि नुसता व्हिडिओ पाहतानाही चित्र तुटते. विठ्ठल नामाचा गजर टिपेला गेला आहे आणि पडद्यावर महाराज अर्धा हात वर करून स्थिर झाले आहेत, असे दृश्य या संगणकावर नित्याचे होते. आरटीएक्स ३०५० मध्ये एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे तिन्ही प्रकार उलगडण्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. त्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये सुरू केल्यावर अशी फाइल पाहताना प्रोसेसरचा भार इतका खाली येतो, की कार्डाची अर्धी किंमत इथेच वसूल झाली असे मला वाटले. यूट्यूबवरील मोठ्या आकाराचे व्हिडिओही व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये येतात, त्यामुळे निव्वळ पाहणाऱ्यालाही फरक जाणवतो.

व्हिडिओ बाहेर काढताना, म्हणजे एक्सपोर्टच्या वेळी, कार्डाचा एनव्हेंक हा एन्कोडर कामाला येतो. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्येही क्विक सिंक नावाचा एन्कोडर आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल; पण मंडपातले रंगीत दिवे, हलणारा जमाव आणि टाळ-मृदंगाची लगबग अशा दृश्यांत त्याचे चित्र चौकडी-चौकडीचे दिसते, आणि त्याच आकाराच्या फाइलमध्ये एनव्हेंकचे चित्र लक्षणीय स्वच्छ येते. मी शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. सलग कीर्तनावर काही प्रक्रिया केलेली नसेल तर एक्सपोर्ट आता चहा होईपर्यंत बरेचसे पुढे सरकलेले असते, जिथे आधी ते रात्रभर लावून ठेवावे लागे. मात्र रंगसुधारणा, अभंगाच्या ओळींच्या पट्ट्या, दोन कॅमेऱ्यांची अदलाबदल असे थर चढवले की ती कामे पुन्हा प्रोसेसरकडेच जातात आणि वेग त्याच्याच चालीने ठरतो. दुकानदार सांगतात तसे कार्ड टाकल्याने सगळेच दहापट होत नाही. शेवटचा टप्पा तेवढा झपाट्याने होतो.

थेट प्रक्षेपणात फायदा आणखी ठळक आहे. ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून दोन कॅमेऱ्यांचे चित्र जोडून यूट्यूबवर पाठवताना पूर्वी प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला असे आणि आवाज तुटण्याची धास्ती कायम असे. एनव्हेंक निवडल्यावर तो भार कार्डाकडे जातो आणि प्रोसेसर इतर कामांसाठी मोकळा राहतो. अडचण उरते ती गावातल्या मोबाइल नेटवर्कच्या अपलोडची, आणि त्यावर कोणत्याही कार्डाकडे उपाय नाही. लग्नाच्या चित्रीकरणाचा व्यवसाय करणाऱ्यांनी एक मर्यादा लक्षात ठेवावी. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतला ४:२:२ रंगांचा दहा बिटी व्हिडिओ हे कार्ड हार्डवेअरने उलगडत नाही; एनव्हिडियाने ती सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली. तसेच हे कार्ड एव्ही१ पाहू शकते, बनवू शकत नाही.

गेमविषयी भाच्याचे मत माझ्यापेक्षा उत्साही आहे. जीटीए ५ हा संगणकावर २०१५ साली आलेला गेम १०८० पिक्सेलवर उच्च सेटिंगवर छान चालतो आणि त्याच काळातले इतर गेमही. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसर आधी दमतो आणि कार्ड अर्धवट रिकामे बसून राहते. अशा वेळी डीएलएसएसचाही उपयोग होत नाही, कारण तो भार कार्डाचा हलका करतो, प्रोसेसरचा नाही. अलीकडचे मोठे गेम चार कोअर आणि चारच थ्रेडवर धक्के देत चालतात. चौथ्या पिढीला एव्हीएक्स२ या नव्या गणिती सूचना समजतात, म्हणून ते निदान सुरू तरी होतात. तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे आय-फाइव्ह ३४७० सारख्या प्रोसेसरमध्ये त्या नाहीत आणि काही नवे गेम तिथे उघडतच नाहीत. तिसऱ्या पिढीच्या संगणकावर गेमसाठी एवढा खर्च करू नये, असे माझे स्वच्छ मत आहे. ज्यांच्याकडे अजून आठ जीबी रॅमची एकच पट्टी आहे, त्यांनी आधी दुसरी पट्टी टाकून जोडी पूर्ण करावी, आणि हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर त्याच्याही आधी एसएसडी घ्यावी.

उन्हाळा हा आपल्याकडचा खरा परीक्षक. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक. कार्डाचे तापमान खोलीच्या हवेबरोबर जवळजवळ अंशाला अंश वाढते, म्हणजे जे कार्ड पावसाळ्यात ६५ अंशांवर काम करते तेच उन्हाळ्याच्या दुपारी ऐंशीच्या घरात जाते. एनव्हिडियाने या कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंश सांगितली आहे, त्यामुळे धोका नसतो, पण पंखा कर्कश होतो. ७० वॅटच्या कार्डाचा इथेही फायदा आहे. १३० वॅटची उष्णता ऑप्टिप्लेक्सच्या कोंदट कॅबिनेटमध्ये कुठे जाणार, हा प्रश्नच आहे. खोलीत पाण्याचा कूलर लावणाऱ्यांनी त्याचा झोत सरळ संगणकावर घेऊ नये, कारण ओलसर हवा आणि काळ्या मातीची धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर जो थर बसतो, तो ब्लोअरनेही निघत नाही.

विजेबाबत दोन गोष्टी. माझ्याकडच्या ६०० व्हीए यूपीएसवर पूर्ण भाराखाली मिळणारा वेळ आता पूर्वीच्या सुमारे निम्म्यावर आला आहे; लाइट गेल्यावर एक्सपोर्ट थांबवून संगणक नीट बंद करण्यापुरता तो पुरतो, डीपी जळून दोन दिवस अंधार असेल तर अर्थातच नाही. रब्बीत पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते, पण डेलचा एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असल्याने त्याला ते सोसते. याहून महत्त्वाचे अर्थिंग आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर कार्डावर एक रुपयाही घालण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवावा.

किंमत मला सतरा हजारांच्या आसपास पडली, जीएसटी धरून. मेमरी चिपांचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढल्याने ती वरखाली होत राहते, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या दोन दुकानांत आणि ऑनलाइन असे तिन्हीकडे विचारून घ्यावे. पक्के बिल घ्यावेच, कारण वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते आणि अनुक्रमांक जुळवूनच ती मिळते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी जीपीयू-झेड हे छोटे मोफत सॉफ्टवेअर चालवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या कार्डांचे बायोस (कार्डातले मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्यांना १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा बरीच वर्षे चालू आहे, आणि हे सॉफ्टवेअर अशा अनेक कार्डांच्या नावाआधी फेक असा शिक्का दाखवते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक कार्डांवर चालणारी मायनिंग बंद झाल्यावर बाजारात आलेली आरएक्स ५८० कार्डे स्वस्त दिसतात, पण त्यांना १८५ वॅट लागतात. ऑप्टिप्लेक्सच्या मालकाने त्यांच्याकडे पाहूही नये.

राहिला विंडोजचा प्रश्न. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केल्यास घरगुती ग्राहकांना सुरक्षेची अद्ययावतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आरटीएक्स कार्डांचे विंडोज १० साठीचे नियमित ड्रायव्हरही एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२६ पर्यंतच देऊ केले आहेत. शॉटकट आणि ओबीएस दोन्ही लिनक्सवर चालतात आणि तिथे या कार्डाला ड्रायव्हरची अडचण नाही, म्हणून माझा संगणक त्यानंतर लिनक्सवर जाईल. भाच्याच्या काही गेमना ते मान्य होणार नाही, आणि ज्यांना त्याच गेमसाठी हे कार्ड घ्यायचे आहे, त्यांनी आठव्या पिढीचा लॉटमधला संगणक आधी घेऊन मग कार्ड त्यात बसवावे.